विंगचा खेळ आणि मधली फळी

नागपूर-कामठीच्या फुटबॉलप्रेमी मंडळींस रब्बानी क्लब, यंग मुस्लिम, राहुल क्लब हीं नांवें नवीं नाहींत. अशा कोणत्याहि सामन्यास जमलेल्या गर्दींत विंगवरील खेळाडूला दूषण देणारे कांहीं रसिक हटकून आढळतात. चेंडू रेषेबाहेर गेला कीं दोष त्याच्याच माथीं बसतो. परंतु विंगचा खेळ पुष्कळदां मैदानाच्या मध्यावरच बिघडलेला असतो, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घेण्याजोगें आहे.

विंगवरील गड्याच्या एका बाजूस रेषा असते. तिकडे त्याला पळवाट नाहीं. मधल्या फळीनें चेंडू देण्यास क्षणभर उशीर केला, तर समोरचा बॅक येऊन भिडतो आणि वळावयास जागा उरत नाहीं. चेंडू वेळेवर व त्याच्या पुढील मोकळ्या जागेंत पडला, तरच त्याच्या वेगाचें चीज होतें. चेंडू देणाऱ्यानेंहि मग जागीं उभें न राहतां तो परत घेण्यास जवळ गेलें पाहिजे.

मध्याचें महत्त्व इतिहासहि सांगतो. १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम शिथिल झाल्यावर आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनीं सेंटर-हाफला बचावांत नेलें. मध्यावर पडलेली पोकळी भरून काढण्यास इनसाइड फॉरवर्डना मागें यावें लागलें. १९५८ च्या विश्वचषकांत ब्राझीलच्या डाव्या विंगवरील झगालो मागें येऊन मधल्या फळीस हात देई. तेणेंकरून उजवीकडे गारिंचास मोकळेपणीं खेळतां येई. १९६२ सालीं जकार्ता येथें भारतानें दक्षिण कोरियास २-१ असें हरवून आशियाई सुवर्णपदक मिळविलें. त्या सामन्यांतला पहिला गोल उजव्या विंगवरील प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा. संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा कटाक्ष, चेंडू पायाशीं न रेंगाळवतां पुढें देण्यावर असे.

नागपुराकडे मातीचाहि विचार करावा लागतो. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल झाला कीं लांब पास अर्ध्या वाटेंत रुततो. उन्हानें टणक झालेल्या जमिनीवर तोच रेषेपार पळतो. हा अंदाज मधल्या फळीनें बांधावयाचा असतो. चुकला तर बोल मात्र विंगला लागतो.

म्हणून एखाद्या होतकरू मुलास संघांतून वगळण्यापूर्वीं शिक्षकानें दोन गोष्टी मोजाव्या: अर्ध्या डावांत त्याला चेंडू किती वेळां मिळाला, आणि मिळाला तेव्हां बॅक किती हात दूर होता.