वायू धुवायचा, पण पाण्याविना



बीड जिल्ह्यात कापसाची वेचणी आटोपली की रानात पऱ्हाटी उभी राहते, ऊस तुटला की फडात पाचट उरते. त्यातले थोडे चुलीत जाते, बरेचसे रानातच पेटवले जाते. तेच बंद भट्टीत, हवा बेताने देऊन तापवले तर हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साईड असलेला वायू मिळतो. त्यापासून मिथेनॉल, डिझेल, मिथेनही करता येतो.

महाराष्ट्राला ही भट्टी नवी नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचे पाचट, चिपाड आणि बाजरीच्या सरमाडावर चालणारी भट्टी 700 तासांहून अधिक चालवून पाहिली. 1997 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तो वायू उष्णतेसाठी होता. गरम वायू थेट बर्नरमध्ये सोडला की त्यातले डांबरही जळून जाते. इंधन बनवायचे म्हटले की मात्र वायू थंड करावा लागतो, आणि पंचाईत तिथे सुरू होते.

तापमान साधारण 350 अंशांखाली आले की वाफेच्या रूपातले डांबर नळीला आतून धरू लागते. फिल्टर चोंदतो, व्हॉल्व्ह अडकतो. गंधक तर दिसतही नाही. पिकातले किंचित गंधक हायड्रोजन सल्फाईड होऊन येते आणि मिथेनॉलसाठी वापरला जाणारा तांब्याचा उत्प्रेरक निकामी करते. म्हणून ते दहा लाखांत एका भागाच्याही खाली आणावे लागते. त्यासाठी झिंक ऑक्साईडचा तापवलेला थर असतो. गंधक त्यात झिंक सल्फाईड होऊन अडकते.

 

डांबरावर सर्वांत सोपा उपाय पाण्याच्या फवाऱ्याचा. पण त्याने डांबर नाहीसे होत नाही. ते वायूतून पाण्यात जाते आणि फिनॉलमिश्रित सांडपाणी मागे राहते. ही चैन बीडला परवडणारी नाही. पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र 2013 मध्ये बंद ठेवावे लागले, 2015 मध्येही तीच वेळ आली.

ऑस्ट्रियातल्या ग्युसिंग गावी वेगळी वाट काढली गेली. लाकडापासून मिळालेला वायू तिथे रेपसीड तेलाच्या बायोडिझेलने धुतला जाई आणि डांबराने माखलेले ते बायोडिझेल प्रकल्पाच्याच भट्टीत जाळले जाई. हीच पद्धत वापरून स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये 2014 च्या अखेरीस लाकडापासूनचा मिथेन गॅसवाहिनीत पोहोचला. तंत्र चालले, पैशाचा हिशेब बसला नाही. 2018 मध्ये प्रकल्प थांबला.

दोन्हीकडचे अनुभव लाकडाचे आहेत. पाचटाची राख वेगळी, पऱ्हाटीतले गंधक वेगळे. ते आपल्याच रानातले नमुने घेऊन मोजावे लागेल. तेव्हा अंबाजोगाईतल्या या दोन दिवसांच्या परिषदेत जो आराखडा मांडला जाईल, त्यात वायू किती मिळेल हे सांगण्याआधी तो स्वच्छ करायला किती पाणी लागणार आणि वापरलेले पाणी कुठे जाणार, हे सांगितले जावे, अशी स्वागत समितीची विनंती आहे. शेतकऱ्यांनीही पऱ्हाटी उपटण्याचा आणि वाहतुकीचा खर्च मोकळेपणाने मांडावा.