अर्जामागचे काम



निवृत्तीनंतर मी सेवाभावी संस्थांसाठी अनुदानाचे अर्ज लिहून देतो. मोबदला आधी ठरलेला घेतो. मिळणाऱ्या अनुदानात टक्केवारी मागत नाही. टक्केवारी आली की अर्जातील विशेषणे वाढतात, आणि मुलांसाठी दिलेल्या पैशाला लेखणीवाल्याचा वाटा लागतो.

२०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ने मोठ्या कंपन्यांवर मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. मात्र देणारा कोणीही असो, त्याचे प्रश्न चारच: गरज कोणाची? तुम्ही नेमके काय करणार? खर्च किती? आणि काम झाले हे ओळखायचे कसे? ‘सर्वांगीण विकास’ हे यांपैकी एकाचेही उत्तर नव्हे. ‘40 मुलींसाठी 10 महिने, रोज 2 तास गणिताचा वर्ग’ हे उत्तर होय.

महर्षी कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांची 15 लाखांची देणगी आली ती १९२० साली. तिच्यामागे 24 वर्षांचे काम उभे होते. असे काम अर्जलेखकाला निर्माण करता येत नाही. झालेले काम तो नीट सांगू शकतो, इतकेच. म्हणून संस्थाचालकांना माझी विनंती आहे: आधी हजेरीपट आणि जमाखर्चाची वही चोख ठेवा, मग मला बोलवा.