९७ मिनिटं कुठल्या पुरुषांची?

२०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने शाश्वत विकासाची उद्दिष्टं मान्य केली. प्रगती किती झाली ते प्रत्येक देशाने निर्देशकांवर मोजायचं. त्यातला ५.४.१ क्रमांकाचा निर्देशक आपल्या घरात डोकावतो: बिनपगारी घरकामात आणि सांभाळण्यात दिवसाचा किती वेळ जातो? त्यासाठी २०१९ साली आपल्याकडे देशभर वेळवापर पाहणी झाली. (१९९८-९९ मध्ये झाली होती, पण सहाच राज्यांत. महाराष्ट्र त्यात नव्हता.)

घरकामात बायकांची रोजची २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. वस्तीतल्या बैठकीत मी हे वाचून दाखवलं आणि एकच हशा पिकला. "ताई, दीड तास? कुणाचा नवरा हो?"

घरी येऊन तक्ता पुन्हा काढला. आकडा बरोबर होता, पण फक्त त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्यांचा. असे पुरुष शंभरात २६! सगळ्यांची सरासरी धरली तर पुरुषांची २५ मिनिटं, बायकांची २४३. एम.एस.डब्ल्यू.ला संख्याशास्त्र शिकूनही हे माझ्या नजरेतून निसटलं होतं, बायकांच्या नाही.

२०२४ च्या पाहणीत २९९ चे २८९ झाले. प्रगतीच म्हणायची? पण ९७ चेही ८८ झालेत.

आणखी एक. पाणी-सरपण या घरकामात धरतच नाहीत. त्याचा रकाना वेगळा. मुलं-म्हातारे सांभाळण्याचा आणखी वेगळा. पुढच्या बैठकीला बायका आपापला दिवस लिहून आणणार आहेत, हंड्यासकट.