घरपट्टीची नोटीस

घरपट्टीची नोटीस आली की पुष्कळ घरी ती फळीवर जाते. 'घरधनी पाहतील' असे आपण म्हणतो. पण पैसा घरखर्चातूनच जातो ना?

वर्धा, आर्वी, हिंगणघाट येथील नगरपरिषदांना 1965 चा कायदा लागू आहे. घराला वर्षाकाठी जे भाडे येऊ शकेल, त्यातून दुरुस्तीचा दहावा हिस्सा वजा करून उरलेल्या रकमेवर शेकडा हिशेबाने कर बसतो. तेव्हा खोल्या, मजले, लांबी-रुंदी बरोबर लिहिली आहे का, हे टेप लावून पाहावे. चूक आढळल्यास मुदतीत लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. मग यादी कायम होते, आणि नवी यादी चार वर्षांनी.

मी सातवी शिकले. ही वजाबाकी तेवढ्यात जमते.