भुंगेऱ्याच्या लेकींचं विरजण



सरपणाची मोळी सोडताना लाकडावर मोहरीएवढी गोल भोकं आणि पांढुरका भुसा दिसतो ना? किड्यानं लाकूड खाल्लं, असंच आम्हीही म्हणायचो. पण हा दोन-अडीच मिलिमीटरचा भुंगेरा लाकूड खातच नाही. तो लाकडात बुरशीची शेती करतो.

तो कसला, ती! जंगलात झाड वठलं की त्यातून दारूसारखा आंबूस वास सुटतो. त्या वासावर मादी येते, खोडात बोगदा कोरते आणि भुसा बाहेर ढकलते. तिच्या अंगातच एक बारीक पिशवी असते, त्यात बुरशीचं बियाणं. दुधाला विरजण लावावं तसं ते ती बोगद्याच्या भिंतींना लावते. तिथं उगवलेली बुरशी ती खाते, तिच्या अळ्याही खातात. नर मोजकेच. त्यांना उडता येत नाही, ते घरातच बसून. (हे ऐकून आमच्या बैठकीत खूप हशा झाला.) लेकी मोठ्या झाल्या की आईच्या घरचं विरजण घेऊन नव्या झाडाकडे उडतात.

ऑस्ट्रियातल्या श्मिडबर्गर नावाच्या अभ्यासकानं 1836 मध्ये बोगद्यातला तो थर पाहिला आणि त्याला देवांच्या अन्नाचं नाव दिलं, अँब्रोसिया. ती बुरशी आहे हे नंतर कळलं.

जंगलात या भुंगेऱ्यांमुळे पडलेलं लाकूड लवकर कुजतं, माती होतं. बागेत मात्र रडवतात. गेल्या साली आमच्या गटातल्या एका ताईंची डाळिंबाची चौदा झाडं वाळली. खोडाला तीच भोकं. आम्ही दोनदा फवारणी केली. पैसे गेले, उपयोग शून्य. किडा आत, औषध सालीवर! वर आम्हीच उपटलेली झाडं सरपणाला होतील म्हणून बांधावर रचली. महिन्याभरात शेजारच्या ओळीत भुसा दिसू लागला.

आता वाळलेलं झाड मुळासकट काढून त्याच आठवड्यात जाळतो. चर काढून पाणी तुंबू देत नाही, कारण मुळं गुदमरली की उभ्या झाडालाही तोच आंबूस वास सुटतो. फांदीवर ताजा भुसा दिसला तर फांदी कापून चुलीत.

तुमच्या बागेच्या बांधावर असा ढीग असेल, तर आज सांजेला जवळ जाऊन बघा. खाली ताजा भुसा पडलाय का?