खुरपे आणि नकाशा
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींनी येथे पारितोषिके स्वीकारली, त्यांचे मी प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यानंतर, ज्या विषयाचे गुण कोणत्याही गुणपत्रिकेत मांडले जात नाहीत अशा एका विषयाकडे आपले लक्ष वेधण्याची परवानगी मागतो. तो विषय म्हणजे उद्यानरचना आणि वृक्षसंगोपन. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना हा विषय पद्धतशीरपणे शिकविण्याचे कार्य आपल्या मंडळाने अंगावर घ्यावे, अशी माझी सूचना आहे.

बागाईत हा आपल्या माळी समाजाचा परंपरागत व्यवसाय. परंतु आज शहरात नवी वसाहत उभी राहते, तेव्हा तिच्या बागेचा नकाशा एक जण काढतो आणि त्या नकाशाबरहुकूम खड्डे दुसराच खणतो. पहिल्यास मानधन मिळते, दुसऱ्यास रोजंदारी. खड्डा खणणारा पुष्कळदा आपला असतो. नकाशा काढणारा क्वचित. आणि गंमत अशी की, कोणते झाड त्या जमिनीत तगणार नाही हे खड्डा खणणाऱ्यास ठाऊक असते, पण त्याला विचारतो कोण? खुरप्याची विद्या आणि नकाशाची विद्या यांची अशी फारकत झाल्यामुळे एकीस प्रतिष्ठा उरली नाही व दुसरीस मातीचा अनुभव राहिला नाही. यांची पुन्हा गाठ घालून देणे, हेच या शिक्षणाचे प्रयोजन होय.

हा विचार आपल्याला नवा नाही. ज्यांच्या घराण्यास फुलांच्या व्यवसायावरूनच नाव मिळाले, त्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात लेखन, वाचन व हिशेब यांच्या बरोबरीने शेतीचे प्राथमिक ज्ञान मुलांना द्यावे आणि शाळांना लहान आदर्श शेते जोडावीत, असे सुचविले होते. पुढे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला व माध्यमिक शाळेतील मुलांना हाताने काम करीत शिकण्याचा अभ्यासक्रम दिला. त्यात शेतीला स्थान आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकावे असे म्हटले असून, त्या कारागिरांत सुतार व कुंभार यांच्यासमवेत माळ्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. दार उघडे आहे. आत पाऊल टाकण्याचा प्रश्न आपला आहे.

आता प्रत्यक्षात शिकवावे काय? पहिला धडा लावणीचा नसून पाहण्याचा असावा. मुलांनी जागेवर सकाळी, दुपारी व सायंकाळी उभे राहून ऊन कोठे पडते व सावली कोठे सरकते ते टिपावे. पावसाचे पाणी कोणीकडे धावते व कोठे तुंबते ते पाहावे. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घालून, वर पाणी ओतून ती खळखळून हलवावी व ठेवून द्यावी. रेती लगेच तळाशी बसते, पोयटा काही तासांनी आणि चिकणमाती सर्वांत शेवटी. त्या थरांवरून जमिनीचा पोत मूलही ओळखू शकते.

दुसरा धडा मोजणीचा. टेप धरून जागा मोजावी आणि आलेखाच्या कागदावर एका सेंटिमीटरला एक मीटर या प्रमाणात उतरवावी. वाफ्याचा कोपरा काटकोनात आणावयाचा तर दोरीवर तीन, चार व पाच हातांच्या खुणा करून त्रिकोण ताणावा. पायथागोरसचा सिद्धांत पाठ करणाऱ्या मुलाला तो येथे प्रथमच उपयोगी पडलेला दिसेल. एक खुंटी व दोरी यांनी वर्तुळ निघते. दोन खुंट्या व एक सैल फास यांनी लंबवर्तुळ निघते. भूमितीच्या शिक्षकांनी यास हरकत घेण्याचे कारण नाही!

तिसरा धडा निवडीचा. झाड आज किती सुंदर दिसते यापेक्षा वीस वर्षांनी ते किती जागा व्यापील, हे आधी विचारावे. मादागास्करहून आलेला गुलमोहर शोभिवंत खरा, पण त्याचे लाकूड ठिसूळ. वादळात फांद्या मोडतात, म्हणून तो खेळाच्या मैदानालगत नको. बहावा, पळस, पांगारा, कांचन आणि आपल्या राज्याचे पुष्प म्हणून गौरविलेला ताम्हण यांची ओळख मुलांना फुलांवरून, पानांवरून आणि सालीवरूनही व्हावी.

यानंतर संगोपन. उन्हाळ्यात दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे खणून ते तापू द्यावेत. मृगाचा पाऊस चांगला झाल्यावर शेणखत मिसळलेल्या मातीत रोप लावावे. आळे करून पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, मात्र ते बुंध्यास टेकू देऊ नये. पान पिवळे पडले की पाणी घालावयाचे, ही सर्वसाधारण समजूत आहे. परंतु पाणी कमी झाल्यानेही पान पिवळे पडते आणि अधिक झाल्यानेही. म्हणून झारी उचलण्यापूर्वी बोट मातीत घालावे. छाट कलम जास्वंदीवर, गुटी कलम डाळिंबावर, डोळा भरणे गुलाबावर व कोय कलम आंब्यावर, या क्रमाने कलमांचे शिक्षण दोन वर्षांत सहज पुरे होईल.

यावर आक्षेप येतील. "आम्ही जन्मभर खुरपे धरले ते पोरांनी धरू नये म्हणूनच," असे अनेक मातापिता म्हणतील. या बोलण्यामागील कष्ट मी जाणतो व त्यांपुढे नम्र होतो. पण ओझे खुरप्याचे नव्हते. दुसऱ्याच्या हुकमावर, पडेल त्या दराने ते चालविण्याचे होते. जो मुलगा जागा मोजू शकतो, नकाशा काढू शकतो आणि खर्चाचा अंदाज लिहून देऊ शकतो, त्याच्या हातातील खुरपे हे दास्याचे चिन्ह राहत नाही. तो पुढे डॉक्टर किंवा वकील झाला, तरी आठवड्यातील दोन तासांनी त्याचे नुकसान होणार नाही. दहावीच्या परीक्षेची चिंता असणाऱ्यांनी आठवी-नववीतच हा वर्ग पुरा करावा.

मुलींविषयी दोन शब्द. फुले खुडणे, निंदणी, रोपांना पाणी ही कामे आपल्या घरांतून बहुधा स्त्रियाच करीत आल्या. बाजारातील व्यवहार व पैसा मात्र पुरुषांच्या हाती राहिला. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहात ज्यांनी जाई, गुलाब व पिवळा चाफा यांवर कविता लिहिल्या, त्या सावित्रीबाईंच्या समाजात तरी या वर्गातील निम्म्या जागा मुलींच्या असाव्यात.

आता मंडळास माझी प्रत्यक्ष विनंती. आपल्या वसतिगृहामागील मोकळी जागा येत्या जूनपासून या वर्गासाठी द्यावी. दर रविवारी सकाळी दोन तास पुरेत. शिकविण्यासाठी एक कृषी पदवीधर आणि एक अनुभवी वृद्ध माळी अशी जोडी असावी, आणि दोघांचे मानधन सारखे असावे. या समान मानधनाचा मी विशेष आग्रह धरतो. कारण हातात कलम करण्याचा चाकू घेऊन बसलेल्या आजोबांना समाजानेच गुरुजी म्हटले नाही, तर नातवंडे तरी का म्हणतील? अशी जाणती माणसे दरवर्षी आपल्यातून कमी होत आहेत. त्यांची विद्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही. ती त्यांच्याबरोबर जाते.

शेवटी, हा वर्ग केवळ आपल्या ज्ञातीपुरता ठेवू नये. शेजारच्या कोणत्याही जातीधर्माच्या मुलास तो खुला असावा. ज्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद सर्वांस मोकळा केला, त्यांचे नाव आपण सांगतो. बागेची विद्या कोणाची मिरासदारी नव्हे. ती आपल्याकडे ठेव म्हणून आली आहे, आणि ठेव ही वाढवून पुढे द्यावयाची असते.

ही सूचना कार्यकारी मंडळाच्या येत्या बैठकीत विचारार्थ घ्यावी, अशी अध्यक्षमहाराजांस विनंती करतो.