पहाटेचा अपुरा उजेड

ताडोबाचं फाटक पहाटे उघडतं तेव्हा बांबूखाली उजेड जेमतेम असतो. फ्लॅश मारायचा नाही. मग ॲपर्चर एफ २.८ पर्यंत उघडायचं, आयएसओ ६४०० वर न्यायचा, फोटोत दाणे आले तर येऊ द्यायचे. चालत्या वाघाला शटर निदान १/५०० सेकंद हवं. तेवढा उजेड नसेल तर १/६० वर तो थबकायची वाट बघायची. जिप्सीचं इंजिन बंद, कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर. चितळ मात्र धोका जाणवला की पाय आपटतं, एकटक बघत उभं राहतं. मला वाघापेक्षा तेच घ्यावंसं वाटतं.

एकदा गाडीतले एक गृहस्थ ‘आणखी जवळ घ्या’ म्हणत राहिले. गाइड बफरमधल्या गावची बाई. ‘पुढं नाही जात जी,’ म्हणाली. बक्षिसी गेली तिची! परतताना ती बोलली, मोहफुलं वेचायला आम्ही याच वेळेला निघतो. वाकलेली बाई वाघाला माणूस वाटत नाही. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तिघीजणी एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या.

त्या सकाळचा चितळाचा फोटो मी तिला दाखवला. दाणेदारच आलाय. वाघ कुठल्या बाजूला होता, एवढंच तिने विचारलं.